रविवारी आईसाठी धावून आलेल्यांचे मनापासून आभार

गेल्या रविवारी कोल्हापूरच्या वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये उपासना चालू असताना आईला भोवळ आली. माझे तर हातपायच गळाले. मागच्या बाकावरच्या मावशींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं वारा घातला. एका दादांनी रिक्षा थेट दारात आणली. गडबडीत नावं विचारायची राहून गेली.

संध्याकाळी राहिलेलं सामान आणायला गेलो, तर आईचा चष्मा रुमालात गुंडाळून तिच्या गीतांच्या पुस्तकावर ठेवलेला आणि चपला बाकाखाली नीट जोडीनं लावलेल्या. मला तिथंच भरून आलं.

आईचा या चर्चवर फार जीव. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, त्यांनी शाळा काढल्या. १८७० मध्ये हे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. त्याच मिशनच्या डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभा केला. आईचा जन्म तिथलाच, हे ती भेटेल त्याला अभिमानानं सांगते.

आई आता बरी आहे. मावशी, दादा, येत्या रविवारी ती त्याच बाकावर बसणार आहे. तिला भेटल्याशिवाय जाऊ नका.