गणपतीपुळ्याचं ‘पुळे’ आलं कुठून?

माननीय संपादक, स.न.

रविवारच्या पुरवणीत गणपतीपुळ्यावर पानभर आलं होतं, फोटो एकदम झक्कास, पण सगळं रिसॉर्ट, रूमचे रेट अन् मोदक यातच संपलं, नावाबद्दल एक ओळ नाही. आम्हा नागपूरवाल्यांचा समुद्र म्हणजे फुटाळा नाहीतर अंबाझरी तलाव, त्यामुळे कोकणात गेलो की पाण्याचं जेवढं अप्रूप तेवढंच तिथल्या गावांच्या नावांचंही वाटते.

मागच्या दिवाळीत मडगाव एक्स्प्रेसनी रत्नागिरीला उतरलो, तिथून पुळ्यापर्यंत रिक्षावाले काका बोलतच होते. म्हणे गणपती आधी गुळे गावात होता, तिथली एक बाई त्याला काहीतरी टोचून बोलली, देव रुसला अन् पुळ्याला येऊन बसला, म्हणून गणपतीपुळे. आमच्या मिसेसनी लगेच विचारलं, बोलली काय पण ती? तर ते काकांनाही ठाऊक नव्हतं! मग जिथे उतरलो त्या घरच्या आजींनी सांगितलं, अहो काही नाही, पुळण म्हणजे वाळूचा किनारा, पुळणीवरचा गणपती तो गणपतीपुळे. मला आजींचंच खरं वाटते, किनारा पाहिला की पटतेच, पण रुसलेला देव सोडवत नाही हो.

तिसरी गोष्ट पुळ्याच्याच बाळंभटजी भिडे यांची. केवड्याच्या बनात तपाला बसले, देवानी दृष्टान्त दिला की ही टेकडीच माझं रूप आहे, अन् इकडे त्यांची गाय एका दगडावर दूध सोडायची. म्हणून तिथे प्रदक्षिणा देवळाला नाही, अख्ख्या टेकडीला घालतात, एक किलोमीटरभर, अन् देव तोंड करून बसला आहे पश्चिमेला, सरळ समुद्राकडे. आपल्या नागपूरच्या गणेश टेकडीवाल्या बाप्पाला दिवसभर शेजारच्या रेल्वे स्टेशनचे भोंगे, तिकडच्याला लाटा.

बरं आपण तरी कुठे शहाणे? रोज बर्डीवर बाजाराला जातो, पण शितलप्रसाद अन् बद्रीप्रसाद या दोन गवळी भावांच्या नावावरून घासत घासत सीताबर्डी झालं असं म्हणतात, हे किती पोरांना माहीत आहे? माझ्या पोराला पुळ्याहून आल्यावर सांगितलं तर म्हणे बाबा तुम्ही बनवून सांगून राहिले.

तर विनंती एवढीच, हॉटेलचे रेट मोबाईलवर सापडतात, तुम्ही नावामागच्या गोष्टी छापा, एक नाही तर चारही, एकमेकींशी न जुळणाऱ्या असल्या तरी चालतील. पुढच्या वेळी शेजारचं मालगुंडही घ्या, केशवसुत १८६६ साली तिथेच जन्मले, अन् बीचवरून सरळ बसमध्ये चढणाऱ्या टुरिस्टला ते कळतच नाही.

अन् कोकणातलं कोणी हे वाचत असेल तर ती बाई देवाला नेमकं काय बोलली ते कळवा, आमच्या घरी अजून विचारणं सुरूच आहे.

आपला एक जुना वाचक,
नागपूर