बाय, पंप खिशात ठेव

चि. बाय,

परवा फोन तू ठेवलास की लाइन गेली, ते विचारत नाही. मी ओरडलो ते चुकलं. एवढंच लिहायला बसलो.

पण नऊ दिवस, आठ रात्री, ३४० किलोमीटर! तैवानात दाजियाहून शिनगांग आणि परत, पायी. तू पाठवलेल्या व्हिडिओत दर्यादेवी मात्सूच्या पालखीपुढे फटाक्यांची रास पेटते, धुरात देवीच दिसत नाही. दम्याचा पंप खिशात ठेव, पिशवीत नको. कार्ल्याच्या पायऱ्यांवर पिशवी कशी गेली, आठव.

तिथेही लाकडी कौल टाकून निघायची तारीख देवीलाच विचारतात, हे आईला फार आवडलं. कालनिर्णय घेऊन बसली होती. त्यांच्या तिसऱ्या महिन्याचा तेविसावा दिवस, म्हणजे वद्य अष्टमीच्या आसपास मात्सूचा जन्म. त्या दिवशी नारळ फोडणार आहे. "दर्याची देवी, परकी कशी?" म्हणते.

मला तू सांगितलेली मात्सूची गोष्ट सोडत नाही. मागावर बसलेल्या पोरीचा डोळा लागतो आणि तिकडे वादळात ती बापाला, भावांना धरून असते. आईने हलवून जागं केलं आणि एक हात सुटला.

२००९च्या फयान वादळाला तू आठ वर्षांची. धक्क्यावर भिजत उभी, मामीने ओढलं तरी हलली नाहीस. मी आलो. बारकूची होडी नाही आली. तुझी छाती तेव्हापासून वाजते. डॉक्टर काहीही म्हणोत, मला ठाऊक आहे ती कुणासाठी भिजली.

रस्त्यावर आडवं होऊन अंगावरून पालखी जाऊ देतात म्हणालीस. हो आडवी, माझी ना नाही. फक्त धूर ओसरू दे. मास्क लाव. वाटेत लोक प्रेमाने खाऊ घालतील, पण पाणी आपलं पी, आणि पंप... झालं का सुरू परत? राहू दे.

बर्फाच्या कारखान्यावर सगळ्यांना व्हिडिओ दाखवला. म्हटलं, माझी बाय शिनचूत कम्प्युटरच्या चिपा करायला शिकते नि पायी देवीला जाते. नाखवा गप्पच झाला.

तुमचे रात्रीचे अकरा म्हणजे आमचे साडेआठ. पालखी हलली की मिसकॉल दे. मधेच धाप लागली तर कितीही वाजता कर. भरती बघायला मी उठलेलाच असतो.

तुझा,
बाबा