कुलूपबंद कक्षाच्या उद्घाटकांना खुले पत्र

माननीय मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्याकडच्या सभेत आपण म्हणालात, "कोकणातल्या बाळाला आता उपचारासाठी घाट चढावा लागणार नाही." टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. माझी नात त्याच दुपारी घाट उतरून घरी आली होती.

ती 19 दिवसांची असताना दूध ओढेना. अंग कढत. तिन्हीसांजेला डावा हात आपोआप झटकायला लागला. बायको म्हणाली, "टाळू बघा कशी फुगली हा!" जवळच्या रुग्णालयात धावलो. तिथल्या नवजात शिशू कक्षाची फीत वर्षापूर्वी आपणच कापलीत. कक्षाला कुलूप, काचेतून पाहिलं तर बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरवर अजून प्लॅस्टिक. बालरोगतज्ज्ञांचं पद म्हणे मंजूर आहे. झटका आलेल्या बाळाला मंजूर पदाने धरायचं का? अ‍ॅम्ब्युलन्स होती, चालक नव्हता. शेवटी शेजाऱ्याने टेम्पोतल्या आंब्याच्या पेट्या उतरवल्या आणि आम्ही फोंडा घाट चढलो.

कोल्हापुरात डॉक्टरांनी पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं आणि रिपोर्टची वाट न बघता असायक्लोविर हे विषाणूवरचं औषध सुरू केलं. हर्पिस निघाला. ओठावर ज्वर फुटतो ना, ते बारीक फोड, तोच विषाणू. एवढ्याशा बाळाच्या मेंदूत शिरला की उशीर परवडत नाही. दर आठ तासांनी शिरेतून, 21 दिवस. औषध 40 वर्षं जुनं आहे साहेब, चंद्रावरून आणायचं नव्हतं.

बारशाला माझ्या ओठावर ज्वर फुटला होता आणि मी तिचा पापा घेतला. त्यातूनच झालं का, डॉक्टर नक्की सांगत नाहीत. मी मात्र रात्री उठून बसतो. त्या रुग्णालयाच्या भिंतीवर आपले सात फोटो आहेत. 'ओठावर ज्वर असताना बाळाचा पापा घेऊ नका' एवढी ओळ एकाही फोटोखाली मावली नाही?

कोल्हापूरच्या वॉर्डात निम्मी बाळं आमच्याकडची. मोजली नाहीत, पण आयांच्या बोलण्यावरून कळतं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चाललंय, गणपतीला दरवर्षी नवी तारीख मिळते. आमची मतं तेवढी खड्डे चुकवून वेळेत पोचतात.

बालरोगतज्ज्ञ द्या, चालक द्या, इंजेक्शनचा साठा ठेवा. आणि कुलपाची किल्ली शोधा, ती कुणाकडे आहे हे तिथे कुणालाच ठाऊक नाही.

नातीला अजून सहा महिने तोंडावाटे औषध आहे. डावा हात उजव्याइतका हलत नाही. डॉक्टर म्हणाले, बघू. आपल्या कार्यालयातूनही तेच उत्तर आलंय, फक्त शिक्का मारून.

एक आजोबा,
सिंधुदुर्ग