बर्फाच्या मशीनवाल्या दादांना, गिरगावातून

दादा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आमच्या मजल्यावर तुम्ही अजून ‘बर्फाच्या मशीनवाले’च आहात, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर.

फ्रिजमागची वायर पेटली आणि स्वयंपाकघर गेलं. उरलेल्या दोन खोल्यांची वाट काजळीने आणि बंबाच्या पाण्याने लावली. सागवानी तुळया, दारं, सासूबाईंचा देव्हारा, सगळं काळं आणि वर ओलं. मी सोड्याच्या पाण्याची बादली घेऊन उभीच होते. तुम्ही माझ्या हातातलं फडकं काढून घेतलंत. “काकू, पुसाल तर काजळी लाकडात आणखी जिरेल. आणि भिजलेल्या घरात अजून पाणी कशाला?”

कॉम्प्रेसर गल्लीत, पाइप जिन्यावरून दुसऱ्या मजल्यावर, आणि खोक्यात जाड्या तांदळासारखे पांढरे दाणे. “बर्फच ना, मग वितळून पाणी होणारच,” शेजारच्या भाऊंनी शंका काढली. तुम्ही एक दाणा कठड्यावर ठेवलात. तो बघता बघता नाहीसा झाला, कठडा कोरडाच. गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. त्याचं पाणी होत नाही, थेट गॅस होतो. हवेच्या दाबाने हे दाणे लाकडावर मारले की काजळी त्या गारठ्याने कडक होऊन तडकते आणि दाणा आपटून फुगला की पापुद्रा सुटतो, हे मला तुळई बघताना कळलं. आधी आलेला एक जण वाळू मारू म्हणाला होता. तुळईच्या टोकाची नक्षी राहिली असती का?

पोरांना तो धूर म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये नवरा-नवरी येताना सोडतात तसला वाटला. आत यायला धडपडत होती. तुम्ही एकालाही उंबरा ओलांडू दिला नाहीत. गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून खिडक्या सताड उघड्या, पंखा दाराशी आणि गॅस मोजायचं मीटर जमिनीलगत. आवाज मात्र कानठळ्या बसवणारा. मजल्यावरच्या दुपारच्या झोपेबद्दल मीच सगळ्यांची माफी मागितली.

खाली पडलेली काजळी व्हॅक्यूमने ओढून झाल्यावर तुम्ही जे बोललात, ते कोणी बिल करणारा माणूस बोलत नाही. गाद्या टाकून द्या, त्यांचा वास मशीनने जाणार नाही. कोळसा झालेली चौकट सुताराला दाखवा. भिंत आतून सुकल्याशिवाय रंग लावू नका. बुरशी आज उडवली तरी ओल राहिली तर ती परत येईल. आम्ही ऐकलं. दोन महिने भिंती उघड्या ठेवल्या, पाहुण्यांची नाकं मुरडलेली सोसली.

देव्हाऱ्याला हात लावण्याआधी तुम्ही सासूबाईंची परवानगी घेतलीत आणि पहिला फवारा मागच्या बाजूला मारून पाहिलात. तिथलं थोडं पॉलिश निघालं. तुम्ही लगेच कबूल केलंत, हवेचा दाब उतरवलात आणि मगच पुढून सुरुवात केलीत. सुतार आला तेव्हा त्या तळहाताएवढ्या फिकट डागावर ब्रश फिरवणार होता. सासूबाईंनी त्याला तिथे हात लावू दिला नाही.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची काकू