ऑनलाइन लिलावातील वाढत्या विक्री-शुल्काबाबत केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. प्रल्हाद जोशी,
केंद्रीय ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्री,
नवी दिल्ली.

विषय : ऑनलाइन लिलाव व विक्रीची संकेतस्थळे छोट्या विक्रेत्यांकडून घेत असलेल्या शुल्काबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

निपाणी तालुक्यात राहून मी दोन प्रकारचा माल ऑनलाइन विकतो. आमच्या भागातील कारागिरांनी हाताने शिवलेल्या कोल्हापुरी चपला ठरलेल्या किमतीला जातात, आणि जुन्या घरांतून मोडीत निघणारी पितळेची व तांब्याची भांडी लिलावाने विकली जातात. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर यांच्याबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर या जिल्ह्यांचाही समावेश झाला. आपण ज्या धारवाडचे लोकसभेत प्रतिनिधित्व करता, तो जिल्हाही या कारागिरीच्या पट्ट्यात येतो. पत्र मराठीत लिहिले आहे ते केवळ ही माझी हिशेबाची भाषा आहे म्हणून. सीमाभागातील अन्य कोणत्याही वादाशी त्याचा संबंध जोडला जाऊ नये.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. संकेतस्थळाने शुल्क घेऊच नये, अशी मागणी कोणीही शहाणा विक्रेता करणार नाही. मात्र ते शुल्क किती आहे, कशावर मोजले आहे आणि उद्या ते किती होणार आहे, हे माल विकण्यापूर्वी विक्रेत्याला एका ठिकाणी, एका आकड्यात कळले पाहिजे. आज ते कळत नाही आणि कळवण्याची सक्ती करणारा नियमही नाही.

एक साधे उदाहरण घ्या. समजा, एका पितळी समईची बोली १,५०० रुपयांवर थांबली आणि टपालखर्च १५० रुपये आला. संकेतस्थळाचा जाहीर दर १० टक्के आहे. विक्रेत्याला वाटते, १५० रुपये जातील. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हा दर टपालखर्च धरून येणाऱ्या एकूण रकमेवर लावला जातो, म्हणजे १,६५० रुपयांवर १६५ रुपये. त्या शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे २९ रुपये ७० पैसे. एकूण कपात १९४ रुपये ७० पैसे झाली, आणि जाहीर १० टक्क्यांचे समईच्या किमतीवर जवळजवळ १३ टक्के झाले. ज्याची करनोंदणी आहे आणि जो नेहमीच्या पद्धतीने कर भरतो, त्याला शुल्कावरील कराची वजावट पुढे मिळते. ज्याची नोंदणी नाही किंवा ज्याने कंपोझिशन योजना (छोट्या व्यापाऱ्यांसाठी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोय) घेतली आहे, त्याच्या खिशातून ते पैसे कायमचे जातात. म्हणजे एकाच दराचा भार लहान माणसावर अधिक पडतो. यात वस्तू यादीत टाकण्याचे शुल्क, पैसे जमा करून देण्याचे शुल्क आणि शोधात आपला माल वर दिसावा म्हणून भरावी लागणारी जाहिरातीची रक्कम मी अजून धरलेलीच नाही. ही शेवटची रक्कम म्हणायला ऐच्छिक आहे. ती न भरल्यास आपली वस्तू इतकी खाली जाते की बोली लावणाऱ्याला ती सापडत नाही, त्यामुळे तिला ऐच्छिक म्हणणे कागदावरच शोभते.

लिलावात ही अडचण आणखी बिकट होते. ठरलेल्या किमतीला माल विकणारा निदान शुल्क किमतीत मिसळू शकतो. लिलाव करणाऱ्याला अखेरची बोली किती येईल हे ठाऊक नसते. नुकसान टाळण्यासाठी किमान किंमत राखून ठेवावी, तर काही संकेतस्थळे तेवढ्यासाठी वेगळे पैसे घेतात. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम ६४ नुसार हातोडा पडला की विक्री पूर्ण होते आणि विक्रेत्याला राखीव किंमत ठेवण्याची मुभा आहे. संगणकाच्या पडद्यावर हातोडा पडतो खरा, पण जिंकणारा बोलीदार अनेकदा पैसे भरतच नाही. मग शुल्क परत मिळवण्यासाठी विक्रेत्याने अर्ज करायचा, ठरावीक दिवस वाट पाहायची, आणि यादीत टाकण्याचे पैसे बहुधा सोडून द्यायचे. मी ज्या संकेतस्थळावर भांडी विकतो, तेथे मधल्या काळात दर बदलला गेला आणि चालू असलेल्या लिलावांनाही नवा दर लागला. सूचना ईमेलने आली होती, पण ती अटींच्या लांबलचक मजकुराच्या पोटात होती आणि तीत जुना व नवा दर शेजारी शेजारी दिलेला नव्हता.

आमच्या निपाणीला लिलाव आणि कपात या दोन्ही गोष्टी नव्या नाहीत. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले होते आणि त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले, हे आपल्यासारख्या उत्तर कर्नाटकातील नेत्याला सांगायला नको. बाजार समितीत आजही तक्रारी आहेत, मला त्या व्यवस्थेचे गोडवे गायचे नाहीत. पण सौदा झाल्यावर शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची जी पट्टी पडते, तिच्यावर वजन, भाव, हमाली, तोलाई असे वेगवेगळे लिहिलेले असते. अडत, म्हणजे दलाली, किती व कोणाकडून घ्यायची याला कायद्याची मर्यादा असते, आणि ती मोडली तर कोणाच्या दारात जायचे हे अडाणी शेतकऱ्यालाही माहीत असते. इंटरनेटवरचा अडत्या मात्र स्वतःच दर ठरवतो, स्वतःच मापतो आणि तक्रारही स्वतःच ऐकतो.

आपल्या मंत्रालयाने या क्षेत्रात काम केलेले नाही, असे मी म्हणणार नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मुळे प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याने ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत देऊन महिन्याभरात निवारण करावे लागते. त्याच नियमांत, एकाच प्रकारच्या विक्रेत्यांना वेगवेगळी वागणूक दिली जात असेल तर तिचे वर्णन विक्रेत्यांसोबतच्या अटींमध्ये द्यावे, असेही म्हटले आहे. म्हणजे विक्रेता या नियमांना अगदीच अपरिचित नाही. शुल्काच्या बाबतीत मात्र तो त्यांच्या नजरेतून सुटला आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विषयी, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या पडद्यावरील क्लृप्त्यांविषयी, जी मार्गदर्शक तत्त्वे निघाली, त्यांतील तेरा प्रकारांत ‘ड्रिप प्रायसिंग’चा समावेश आहे : किंमत आधी थोडी दाखवायची आणि उरलेली रक्कम टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायची. जून २०२५ मध्ये कंपन्यांना याबाबत स्वतःची तपासणी करण्यासही सांगण्यात आले. खरेदीदाराशी जे करणे गैर ठरले, तेच विक्रेत्याशी रोज केले जाते आणि त्याला कोणी गैर म्हणत नाही.

कायद्याच्या दृष्टीने अडचण ‘ग्राहक’ कोण, येथे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी कारणासाठी सेवा घेणाऱ्याला वगळतो, पण केवळ स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करण्यासाठी वस्तू विकत घेणाऱ्याला वगळत नाही. सेवेचा उल्लेख मात्र त्या सवलतीत नाही. घरी चपला शिवून त्या फोनवरून विकणारा कारागीरही या सवलतीत बसला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. कारण संकेतस्थळाची सेवा तो पोटासाठीच विकत घेतो आणि शुल्क ही त्या सेवेची किंमत आहे. तरीही त्याने प्रत्येक वेळी ग्राहक आयोगापुढे जाऊन आपण कोण आहोत हे सिद्ध करावे, अशी अपेक्षा व्यवहार्य नाही. आपल्या मंत्रालयाने एका स्पष्टीकरणाने हा प्रश्न मिटवावा.

परदेशांत हा वाद जुना आहे. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळाने २००८ मध्ये शुल्काची रचना बदलून अखेरच्या किमतीवरील वाटा वाढवला, तेव्हा विक्रेत्यांनी त्या फेब्रुवारीत आठवडाभर बहिष्कार घातला होता. हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या एट्सीने एप्रिल २०२२ मध्ये शुल्क ५ वरून ६.५ टक्के केले, त्या वेळीही हजारो विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवली. दर मागे घेतले गेले नाहीत. ब्रिटनमध्ये ईबेने ऑक्टोबर २०२४ मध्ये खासगी विक्रेत्यांचे शुल्क काढून टाकले आणि पुढच्या फेब्रुवारीपासून खरेदीदाराकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळे व भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय घेतला होता, त्याची येथे आठवण होते. शुल्क कोणाच्या नावावर टाकले यापेक्षा बोली लावणाऱ्याच्या डोक्यात एकूण किती रक्कम आहे हे महत्त्वाचे असते, आणि तो आपली बोली त्या हिशेबाने कमी करतो; त्यामुळे केवळ नाव बदलून विक्रेत्याचा फार फायदा होईल, असे मला वाटत नाही. युरोपीय संघाचा २०१९ चा ११५० क्रमांकाचा विनियम मला अधिक उपयोगी वाटतो. अटी बदलायच्या असतील तर व्यावसायिक विक्रेत्याला किमान १५ दिवस आधी कळवले पाहिजे, असे बंधन त्यात आहे. त्याने दर कमी होत नाहीत, पण माणसाला निघून जायला वेळ मिळतो.

आपल्याकडे निघून जायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. २००० मध्ये सुरू झालेले बाझी डॉट कॉम २००४ मध्ये ईबेने घेतले, २०१७ मध्ये ईबेचा भारतातील व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते संकेतस्थळ बंद झाले. सर्वसामान्यांच्या लिलावाची देशातील एक मोठी जागा त्या दिवशी गेली. त्यानंतर उरलेल्या थोड्या संकेतस्थळांना स्पर्धेची भीती नाही.

सीमाभागातील विक्रेत्याला यात एक आणखी गाठ पडते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटीची नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही संकेतस्थळावरून माल विकता येतो, ही सवलत स्वागतार्ह आहे. पण ती राज्याच्या आतील विक्रीपुरतीच आहे. निपाणीचा कारागीर बिदरला चपला पाठवू शकतो, जवळच्या कागलला किंवा कोल्हापूरला पाठवू शकत नाही. ज्यांना पितळी समई किंवा कापशी पायताण पाहताच ओळखता येते, ते बोलीदार नेमके त्या बाजूला आहेत. बोली लावणारे कमी झाले की किंमत पडते, पण यादीत टाकण्याचे शुल्क तेवढेच राहते. हा विषय अर्थ मंत्रालयाचा व जीएसटी परिषदेचा आहे याची मला जाणीव आहे, तरी आपण तो तेथे मांडू शकता.

संकेतस्थळे सांगतात की सर्व्हर, पैशांची सुरक्षितता, फसवणुकीला आळा या सगळ्यासाठी खर्च येतो. तो येतोच. २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनने ३०० रुपयांखालील बहुतेक वस्तूंवरील कमिशन रद्द केले, हेही मान्य केले पाहिजे. मात्र हाताने शिवलेला जोड त्या किमतीत बसत नाही, आणि कमिशन शून्य असले तरी पाठवणीचे व अन्य शुल्क राहते. कमिशन हा कपातीचा एकच रकाना आहे.

म्हणून विनंती अशी की, २०२० च्या नियमांत दुरुस्ती करून प्रत्येक संकेतस्थळाने माल यादीत टाकण्यापूर्वीच करासह एकूण कपातीचा अंदाज रुपयांत दाखवावा, आणि विक्रीनंतर प्रत्येक रकमेची वेगळी नोंद असलेला हिशेब द्यावा. टक्केवारीचे शुल्क टपालखर्चावर व करावर आकारू नये. दरवाढीची सूचना किमान ३० दिवस आधी, जुना व नवा दर शेजारी ठेवून द्यावी, आणि आधीच सुरू झालेल्या लिलावाला जुनाच दर लागावा. बोलीदाराने पैसे न भरल्यास विक्रेत्याचे सर्व शुल्क अर्जाशिवाय परत जमा व्हावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठी व कन्नडसह सतरा भाषांत तक्रार करता येते. तेथे स्वयंरोजगारी विक्रेत्यांच्या शुल्काच्या तक्रारी नोंदवून घेण्याचे स्पष्ट आदेश द्यावेत.

यांपैकी अखेरच्या बाबीसाठी नियम बदलण्याचीही गरज नाही, मंत्रालयाचे एक परिपत्रक पुरेसे आहे. ते आधी निघावे, ही विनंती.

आपला नम्र,
निपाणी तालुक्यातील एक विक्रेता
(जि. बेळगाव)