मलकालहून आई-बाबांना

आई-बाबा, नमस्कार.

फोनवर आवाज तुटतो आणि मग आई काळजी करत बसते, म्हणून आज ड्यूटी नाही तर निवांत टाइप करतोय, ताईला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा.

मी बरा आहे. यूएनच्या शांतिसेनेत आपल्या फौजेची तुकडी आहे ते मलकाल म्हणजे आफ्रिकेत, दक्षिण सुदानच्या वरच्या अंगाला, पांढऱ्या नाईलच्या काठावर. राजधानी जुबाहून आम्हाला विमानानंच आणलं, कारण पावसाळ्यात रस्ता उरतच नाही. बाबा, इथली जमीन आपल्यासारखीच काळी, पाऊस झाला की बुटाला ढेकळं चिकटतात आणि रुतलेली गाडी ओढायला गेलेली गाडी पण रुतून बसते. ज्वारी पण आहे, लोकांचं मुख्य खाणंच ते. आमच्या लंगरमध्ये मात्र गव्हाची रोटी, डाळ, भात, रविवारी चिकन, भाकरीची फार आठवण येते. आई, पोटभर जेवतो, मच्छरदाणी लावून झोपतो, मलेरियाची गोळी चुकत नाही.

सकाळी पीटी, चहा, रोल कॉल आणि मग ज्याची त्याची ड्यूटी. राहायला कंटेनर आहेत, जनरेटर चालू असला की एसी चालतो. बाहेर निघायचं तर बुलेटप्रूफ जाकीट आणि निळं हेल्मेट घालावंच लागतं, घामानं गंजी पिळून निघते. तुमच्याकडं संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा इथं साडेतीन झालेले असतात, म्हणून त्या वेळेला फोन लागत नाही, मी कामावर असतो.

कॅम्पाला लागूनच हजारो लोक राहतात. २०१३ च्या डिसेंबरात इथं यादवी पेटली तेव्हा जीव वाचवायला यूएनच्या तळावर आलेली ही माणसं, कितीतरी पोरं तिथंच जन्माला आली. वर सुदानमध्ये २०२३ पासून लढाई चालू आहे, तिकडून पण लोक नदीनं बोटीत दाटीवाटीनं येतात. बोटीतून उतरलेली एक म्हातारी पाहिली, सगळा संसार एका गाठोड्यात, आणि ते ती कुणाला हात लावू देत नव्हती.

बाबा, आता तुमच्या आवडीचं. आमच्याबरोबर फौजेचे जनावरांचे डॉक्टरसाहेब आहेत, जनावरं तपासायचं शिबिर लागलं की मी त्यांच्या हाताखाली ड्रेसिंग करतो. इथल्या बैलांची शिंगं बघाल तर बघतच राहाल, एवढी लांब आणि वर वळलेली. इथल्या डिंका जमातीच्या गुरं पाळणाऱ्या लोकांत पोरगा वयात आला की बाप त्याला एक बैल देतो, त्या बैलाच्या रंगावरून पोराला नाव पडतं आणि तो आपल्या बैलावर गाणी रचून म्हणतो. लग्नात गायी मुलीच्या घरच्यांना द्यायच्या. शेण जाळून त्याची राख माणसं स्वतःच्या अंगाला लावतात आणि जनावरांच्या पण, डास-माश्या बसू नयेत म्हणून. परवा एक बाबा खूर सडलेला बैल घेऊन आला. मी खूर धुऊन किडे काढले, औषध भरलं, पट्टी बांधली, तेवढा वेळ त्यानं बैलाच्या वशिंडावरचा हात काढला नाही, काहीतरी गुणगुणत होता. काम झाल्यावर त्यानं माझे दोन्ही हात धरले. भाषा कळत नव्हती पण तुम्हीच उभे आहात असं वाटलं.

म्हणूनच सांगतो, ताईकडून कळलं की तुम्ही सर्जाला बाजारात न्यायचं म्हणताय. बाबा, नका नेऊ. म्हातारा झालाय, औताला चालत नाही, चारा महाग आहे, सगळं मान्य. पण माझ्या शाळेची फी त्याच्या कष्टातून गेलीय आणि भरतीला निघालो तेव्हा एसटीपर्यंत त्याच्याच गाडीतून सामान नेलं होतं. त्याला दावणीलाच राहू द्या. कडब्याचे पैसे मी दर महिन्याला वेगळे टाकतो, ताईच्या खात्यावर येतील, ते दुसऱ्या कशाला वापरू नका. पोळ्याला त्याला पण झूल घाला, औताच्या बैलांसारखंच.

लंगडतो म्हणे, तर चिखलात बांधू नका, गोठ्यात मुरूम टाकून घ्या. खूर स्वच्छ धुवा, मोरचुदाच्या पाण्यात बुडवा, ते पाणी त्याच्या तोंडाशी जाऊ देऊ नका. आणि तालुक्याच्या डॉक्टरला याच आठवड्यात दाखवा, ते काय म्हणाले ते ताईला मला लिहायला सांगा.

तुमचा,
बाळू