गच्चीवरची रात्र

नागपूर, 5 जून

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

होळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, याची रुखरुख आहे. माझा रक्तदाब ताब्यात आहे, घरचे बरे आहेत. लिहायचे आहे ते बाबांबद्दल, आणि ती गच्ची तुझ्याइतकी ओळखणारे दुसरे कोणी नाही.

26 मेला, सूर्य अगदी डोक्यावर येऊन भर दुपारी आपली सावली पायाखाली नाहीशी होते त्या दिवशी, नवतप्याच्या नऊ कडक दिवसांतली दुसरी रात्र होती. दोनच्या सुमारास मी वर गेलो, तेव्हा बाबा निपचित पडले होते; अंग भट्टीसारखे तापलेले आणि बोलणे असंबद्ध. दोन रात्री रुग्णालयात काढून ते घरी आले, आणि तिसऱ्या संध्याकाळी पाण्याची बादली घेऊन पुन्हा गच्ची शिंपायला निघाले!

त्यांचे म्हणणे असे की नागपूरचा उन्हाळा दिवसाचा असतो, रात्र आपली असते. ते एके काळी खरेच होते. समुद्र शेकडो कोस दूर, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवत असे आणि पहाटे आपण एका चादरीसाठी भांडत असू. तुमच्या रत्नागिरीला समुद्र पारा फार चढू देत नाही आणि फार उतरूही देत नाही. इथे 2013 च्या मेमध्ये 47.9 अंशही झाले आणि 2018 च्या डिसेंबरात 3.5 अंशही. पण आता दोन्ही बाजूंचे वाडे पाडून चार मजली इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि गल्लीतला रस्ता सिमेंटचा झाला आहे. हे सारे दिवसभर उष्णता पिते आणि रात्रभर ओकते. रात्री अकरा वाजता कठड्याला पाठ टेकवत नाही.

डॉक्टरांनी समजावले की आपल्या कोरड्या हवेत घाम येताक्षणी वाळतो, म्हणून शरीरातले किती पाणी गेले ते कळतच नाही. त्यात म्हातारपणी तहान मंदावते, आणि दिवसाचा ताण शरीराने ज्या रात्री भरून काढायचा, तीच तापलेली असते. मी पन्हे करून ठेवतो, ते दोन घोट घेऊन पेला खाली ठेवतात. एसी बसवला, तर बंद खोलीत जीव गुदमरतो म्हणतात. कूलर त्यांना चालतो, पण त्याचा गुण कोरड्या हवेपुरताच. पहिल्या पावसानंतर हवा दमट झाली की तो नुसता ओलसर वारा फेकतो, आणि तसे दिवस आता तोंडावर आहेत.

कूलरवरून आठवले, त्याच्या समोरची जागा कोणाची यावरून तू माझ्याशी आठ दिवस बोलला नव्हतास, आणि ती जागा माझीच होती हे मी आजही सांगतो. बाबा त्या कूलरला तिसरा मुलगा म्हणत. सर्वांत गुणी, पाण्यावाचून काही मागत नाही.

खालचे माजघर जाड भिंतींचे आहे, तिथे रात्री पुष्कळ सुसह्य असते. पाऊस लागेपर्यंत तरी त्यांनी तिथे निजावे, एवढेच माझे मागणे आहे. पण कडुनिंबाकडच्या ज्या कोपऱ्यात आईची खाट असे, तिथेच ते सतरंजी घालतात. आता त्यांना तिथून कोणत्या तोंडाने उठवू? परवा रागाने मी जिन्याला कुलूप लावले. ते रात्रभर पायरीवर बसून होते. सकाळी मीच कुलूप काढले, आणि तेव्हापासून मला झोप नाही.

तुझ्या गुडघ्याचे कसे आहे? मुक्ताच्या प्रवेशाचे काय झाले? वहिनींना नमस्कार.

दहावीच्या सुट्टीत तू तासभर हट्ट धरलास, म्हणून बाबांनी तो पहिला कूलर घेतला. माझे त्यांनी कधी ऐकले नाही. तू त्यांना माजघराबद्दल दोन ओळी लिही. पोस्टानेच पाठव आणि अक्षर मोठे काढ. फोनवर त्यांना आता नीट ऐकू येत नाही.

तुझा,
विनायक